डायनोसॉरच्या काळातले दातवाले पाणबुडे पक्षी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेस्परॉर्निस आणि त्याचे भाऊबंद यांच्याबद्दल मराठीत फार थोडं लिहिलं गेलंय. जे आहे त्यात बहुतेक वेळा त्यांची ओळख 'अर्धा सरडा, अर्धा पक्षी' अशी एका ओळीत उरकलेली असते. मला ही ओळख अन्यायाची वाटते. हे पक्षी कच्चे किंवा अर्धवट नव्हते. पाण्याखाली पायांनी पोहत मासा गाठायचा, या एका कामात ते इतके तयार झाले होते की त्यासाठी त्यांनी पंखसुद्धा सोडून दिले. पुढचे प्रश्न वाचकांकडून, विद्यार्थ्यांकडून आणि पक्षी निरीक्षकांकडून पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं जिथे लांबली आहेत तिथे विषयच तसा आहे.

हे पक्षी नेमके कोण?

क्रिटेशियस काळात, म्हणजे डायनोसॉरांच्या युगाच्या शेवटच्या टप्प्यात, उत्तर गोलार्धातल्या समुद्रांत आणि काही ठिकाणी नद्यांतही राहणाऱ्या पाणबुड्या पक्ष्यांचा हा एक मोठा गट. त्यातला सगळ्यांत प्रसिद्ध हेस्परॉर्निस, म्हणून अख्ख्या गटाला त्याच्यावरून हेस्परॉर्निथीस म्हणतात. बॅप्टॉर्निस, पॅराहेस्परॉर्निस, फ्युमिकॉलिस, एनॅलिऑर्निस, ब्रोडाव्हिस, चुपकाऑर्निस ही त्याच गोतावळ्यातली नावं. जबड्यात दात, मागे सरकलेले भक्कम पाय आणि बहुतेकांमध्ये निकामी झालेले पंख, ही या घराण्याची खूण.

म्हणजे ते डायनोसॉर की पक्षी?

पक्षीच, आणि म्हणून डायनोसॉरही. आज झाडावर बसलेला कावळासुद्धा थेरोपॉड, म्हणजे दोन पायांवर चालणाऱ्या डायनोसॉरांच्याच वंशावळीतला आहे. हेस्परॉर्निस या वंशावळीत बराच अलीकडचा. सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या आर्किऑप्टेरिक्स या आदिपक्ष्यापेक्षा तो आजच्या पक्ष्यांना कितीतरी जवळचा आहे. मात्र आज जिवंत असलेल्या कुठल्याही पक्ष्याचा तो पूर्वज नाही. आधुनिक पक्ष्यांच्या फांदीला अगदी लागून फुटलेली, पुढे पूर्ण वठलेली ती एक शेजारची फांदी होती.

ते कधी आणि कुठे राहायचे?

या गटाचे सगळ्यांत जुने जीवाश्म इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या खडकांत सापडले. ते एनॅलिऑर्निसचे, वय सुमारे 10 कोटी वर्षं. शेवटचे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे डायनोसॉर संपले त्या क्षणापर्यंतचे. म्हणजे हा वंश तीन कोटी वर्षांहून जास्त काळ टिकला.

खुद्द हेस्परॉर्निसचा काळ साधारण 8.4 ते 7.8 कोटी वर्षांपूर्वीचा. त्या वेळी उत्तर अमेरिका एकसंध नव्हती. आर्क्टिकपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत एक उथळ समुद्र खंडाच्या मधोमध पसरला होता आणि त्याने खंडाचे दोन तुकडे केले होते, पश्चिमेला लॅरामिडिया आणि पूर्वेला अ‍ॅपलेशिया. आज जिथे कॅन्ससमध्ये गव्हाची शेतं आहेत तिथे तेव्हा मोसासॉर नावाचे मोठे समुद्री सरपटणारे प्राणी पोहत होते. त्या समुद्रात सूक्ष्म शैवालांची चुनखडी कवचं लाखो वर्षं तळाशी साचत गेली आणि त्यांचा खडू झाला. हा खडू मऊ आणि बारीक कणांचा. त्यात गाडलं गेलेलं नाजूक हाडसुद्धा बऱ्यापैकी शाबूत राहतं. पक्ष्यांचे जीवाश्म एरवी फार दुर्मीळ असताना कॅन्ससमधून इतके चांगले सांगाडे मिळाले, त्याचं मोठं श्रेय या खडूला द्यायला हवं.

कॅन्ससबाहेरही ते भेटतात. कॅनडाच्या उत्तर टोकाची आर्क्टिक बेटं, रशियातला व्होल्गोग्राड परिसर, स्वीडन, कझाकस्तान, मंगोलिया, जपान. जपानच्या होक्काइदो बेटावरचा चुपकाऑर्निस 2017 मध्ये शास्त्रीयदृष्ट्या नोंदला गेला.

त्यांचा शोध कसा लागला?

येल विद्यापीठातले प्राध्यापक ऑथनिएल चार्ल्स मार्श 1871 मध्ये विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन पश्चिम कॅन्ससमध्ये गेले होते. तिथे त्यांना एका मोठ्या पक्ष्याचा सांगाडा मिळाला, पण डोक्याविना. पाय दणकट, पंख जवळजवळ नाहीत. हा पाण्यात बुड्या मारणारा पक्षी असणार हे मार्श यांनी तेवढ्यावरून ओळखलं आणि 1872 मध्ये त्याचं नाव हेस्परॉर्निस रेगॅलिस ठेवलं. त्याच वर्षी ते पुन्हा तिथे गेले तेव्हा त्यांच्या एका विद्यार्थ्याला जवळपास पूर्ण सांगाडा सापडला. या वेळी जबडा होता आणि जबड्यात दात होते.

त्याच सुमारास भूगर्भशास्त्रज्ञ बेंजामिन मज यांना कॅन्ससमध्येच इक्थिऑर्निस नावाच्या छोट्या, उडणाऱ्या पक्ष्याची हाडं मिळाली होती. त्याचा दात असलेला जबडा मार्श यांना सुरुवातीला एखाद्या लहान सरपटणाऱ्या प्राण्याचा वाटला. पक्ष्याला दात असतील असं कोणाच्या मनातच नव्हतं. दोन्ही पक्षी शेजारी ठेवल्यावर मात्र शंकेला जागा उरली नाही. पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्यातली भिंत या जीवाश्मांमुळे बरीच ढासळली, असं मार्श यांनी 1873 मध्ये लिहिलं.

याच दातवाल्या पक्ष्यांच्या जीवाश्मांच्या पेट्यांवरून मार्श आणि त्यांचे प्रतिस्पर्धी जीवाश्मशास्त्रज्ञ एडवर्ड ड्रिंकर कोप यांचं आणखी बिनसलं. मार्श यांच्यासाठी पाठवलेल्या काही पेट्या चुकून कोप यांच्याकडे गेल्या आणि मार्श यांनी थेट चोरीचा आरोप केला. पुढे या दोघांचं 'हाडांचं युद्ध' अमेरिकेत गाजलं, त्यात या प्रकरणाचाही वाटा होता.

1880 मध्ये मार्श यांनी दातवाल्या पक्ष्यांवर एक भलामोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. तो वाचून चार्ल्स डार्विन यांनी त्यांना पत्र लिहिलं. हे प्राचीन पक्षी आणि उत्तर अमेरिकेतले इतर जीवाश्म यांवरचं मार्श यांचं काम म्हणजे गेल्या वीस वर्षांत उत्क्रांतीच्या सिद्धान्ताला मिळालेला सर्वांत चांगला आधार आहे, असा त्या पत्राचा आशय होता. ज्याने सिद्धान्त मांडला त्याच्याकडून आलेली ही पावती.

बारा वर्षांनी याच ग्रंथाचा वापर मार्श यांच्याविरुद्ध झाला. 1892 मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये सरकारी भूगर्भ सर्वेक्षणाच्या खर्चावर चर्चा चालू असताना अलाबामाचे सदस्य हिलरी हर्बर्ट यांनी 'दात असलेले पक्षी' हे उधळपट्टीचं उदाहरण म्हणून पुढे केलं. निधीला कात्री लागली आणि मार्श यांना सर्वेक्षणातलं पद सोडावं लागलं. विज्ञानाच्या इतिहासातल्या फार थोड्या पुस्तकांच्या वाट्याला इतका मोठा मान आणि इतका मोठा राग दोन्ही आले असतील.

पक्ष्याला खरंच दात होते? चोचीवरचे दाते नव्हेत ना?

खरेच दात. हंस किंवा मर्गेन्सर बदकांच्या चोचीला कडेने करवतीसारखे दाते असतात, पण ते चोचीच्याच शिंगासारख्या पदार्थाचे. हेस्परॉर्निसचे दात आपल्या दातांसारखे होते. आत डेंटिन हा हाडासारखा कठीण पदार्थ, बाहेर एनॅमलचा पातळ थर, खाली मूळ.

जबडा जवळून पाहिला तर रचना विलक्षण दिसते. खालच्या जबड्यात दातांची रांग जवळपास टोकापर्यंत जाते. मार्श यांनी एका बाजूला 33 दात मोजले. वरच्या जबड्याचा पुढचा भाग मात्र पूर्ण बोडका आणि तिथे शिंगासारखी चोच. दात सुरू होतात ते मागच्या हाडावर आणि तिथे एका बाजूला 14. म्हणजे एकाच तोंडात पुढे आधुनिक पक्ष्याची चोच आणि मागे दात, दोन्ही एकत्र नांदत होते. दात लहान, टोकदार आणि मागे झुकलेले. बुळबुळीत मासा एकदा आत आला की त्याला पुढे निसटणं अवघड, आत सरकणं सोपं. चावून तुकडे करायला ते नव्हतेच, ते फक्त धरून ठेवायला होते.

हे दात एकेका स्वतंत्र खोबणीत बसलेले नसून एका सलग चरात रांगेने रोवलेले होते. इक्थिऑर्निसचे दात मात्र वेगवेगळ्या खोबणींत असायचे. सिंक्रोट्रॉन या महायंत्रातल्या तीव्र क्ष-किरणांनी दोघांच्याही दातांच्या आतली रचना तपासली गेली आणि 2016 मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यातून दिसलं की हे दात झपाट्याने तयार होत होते आणि एनॅमल साधं होतं. जुन्या दाताच्या मुळाशी नवा दात वाढायचा आणि जुना पडला की त्याची जागा घ्यायचा. मगरीला जसे आयुष्यभर नवे दात येत राहतात, तसंच.

त्यांनी उडणं का सोडलं?

हा प्रश्न बहुतेक वेळा 'त्यांचे पंख का गेले बिचाऱ्यांचे?' अशा सुरात येतो. त्या 'बिचाऱ्यां'शी माझा वाद आहे.

उडायचं तर शरीर हलकं हवं. हाडं पोकळ हवीत, छातीचे स्नायू प्रचंड हवेत. पाण्याखाली जायचं तर नेमकं उलटं. हलकं शरीर बुचासारखं वर येतं आणि खाली राहण्यासाठी पक्ष्याला सतत जोर लावावा लागतो. पोकळ हाडांतली हवा तिथे शत्रू असते. मोठे पंख पाण्याचा विरोध वाढवतात. त्यामुळे दोन्ही करणाऱ्या पक्ष्याला दोन्हीकडे तडजोड करावी लागते. जिथे वर्षभर पाण्यातच भरपूर मासे मिळतात, तिथे उडण्याचा खर्च परवडेनासा होतो. हजारो पिढ्यांत जाड हाडांचे, लहान पंखांचे पक्षी जास्त पिल्लं वाढवतात आणि हळूहळू उडणं संपतं.

हेस्परॉर्निसमध्ये हे टोकाला गेलं होतं. त्याच्या पंखात काडीसारखं एक बारीक हाड उरलं होतं, आपल्या दंडाच्या हाडाच्या जागचं. त्यापुढची कोपर, मनगट, बोटं सापडत नाहीत. उडणाऱ्या पक्ष्याच्या छातीच्या हाडावर स्नायू धरण्यासाठी उभा कंगोरा असतो. हेस्परॉर्निसचं छातीचं हाड सपाट होतं. हाडं जाड, जड आणि भरीव. पंख पूर्णपणे मोडीत काढून सगळी ताकद पायांना दिली होती.

पेंग्विनने दुसरा रस्ता धरला. तो पाण्याखाली पंखांनीच 'उडतो', म्हणून त्याचे पंख वल्ह्यांसारखे कडक आणि मजबूत झाले. पायांनी पोहणाऱ्याला पंखांचा काही उपयोगच नव्हता.

पायांत इतकं काय खास होतं?

माझ्या मते सगळ्या शरीरातला सर्वांत सुंदर भाग हाच.

मांडीचं हाड आखूड आणि जाडजूड. त्याखालचं नडगीचं हाड लांब, पण त्याचा बराचसा भाग अंगाच्या कातडीत झाकलेला. त्यामुळे बाहेर दिसणारा पाय घोट्याच्या जवळून सुरू व्हायचा आणि तोही शरीराच्या अगदी मागच्या टोकाला, आगबोटीच्या पंख्याच्या जागी. गुडघ्याची वाटी केवढी मोठी. मांडीचे स्नायू तिच्यावर ताण घेऊन पाय जोराने मागे ढकलायचे. श्रोणीचं, म्हणजे कमरेचं हाड लांब आणि अरुंद, म्हणजे पाण्यात अडथळा कमी.

पावलाकडे पाहा. चार बोटांतलं सगळ्यांत बाहेरचं बोट सर्वांत लांब आणि सर्वांत दणकट. ढकलण्याचा मुख्य जोर त्याचा. त्याच्या सांध्यांची घडण अशी की मागे ढकलताना बोट पूर्ण पसरायचं आणि पाय पुढे आणताना वळून, मिटून पाण्याला कमीत कमी विरोध करायचं. या सांध्यांवरून अनेक अभ्यासकांचं मत आहे की बोटांमध्ये बदकासारखा पडदा नव्हता, तर प्रत्येक बोटाला स्वतःची पसरट पाळ होती.

अशी पाळीदार बोटं प्रत्यक्ष पाहायची असतील तर जवळच्या तळ्यावर टिबुकली शोधा. लहान, गुबगुबीत, चाहूल लागली की टुपकन बुडणारी आणि भलतीकडेच वर येणारी. पक्षी निरीक्षकाकडे चांगली दुर्बीण असेल आणि टिबुकली काठाजवळ अंग साफ करत असेल तर कधीकधी तिचा पाय बाहेर निघतो. प्रत्येक बोटाला पानासारखी वेगळी पाळ असते आणि पाय शेपटीच्या इतका जवळ असतो की पाहणारा चक्रावतो. टिबुकली उडते, हा फरक मोठा. पण पायांची तऱ्हा तीच.

मग टिबुकली त्यांची वंशज आहे का?

नाही. एकेकाळी काही शास्त्रज्ञांना तसं वाटत होतं, कारण सांगाडे फारच सारखे दिसतात. मार्श यांनी तर हेस्परॉर्निसला मांसाहारी, पोहणाऱ्या शहामृगासारखं मानलं होतं. आज दोन्ही मतं मागे पडली आहेत. टिबुकलीचे सगळ्यांत जवळचे नातेवाईक रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. उत्तरेकडच्या थंड प्रदेशातले लून नावाचे पाणबुडे पक्षी तिसऱ्याच कुळातले. तिन्ही कुळांनी स्वतंत्रपणे तेच काम पत्करलं आणि पाण्याने तिघांनाही तोच आकार दिला.

त्यांना जमिनीवर चालता यायचं का?

फारसं नाही. जुन्या चित्रांत हेस्परॉर्निस पेंग्विनसारखा ताठ उभा दाखवलेला असतो, पण अशा पायांवर तोल सावरणं कठीण. लून पक्षी काठावर पोट घासत, पायांनी ढकलत सरकतात. हेस्परॉर्निसही बहुधा तसाच सरकत असावा. मात्र सगळे पक्षी अंडीच घालतात, त्यामुळे घरट्यासाठी त्याला किनारा गाठावाच लागला असणार, आणि तोही पाण्याला अगदी लागून असलेला.

आकार केवढा होता?

हेस्परॉर्निस रेगॅलिस चोचीपासून मागच्या टोकापर्यंत सुमारे 1.8 मीटर, म्हणजे उंच माणसाएवढा लांब. रशियातला हेस्परॉर्निस रॉसिकस आणि कॅनडाच्या आर्क्टिकमधला कॅनडागा हेही या घराण्यातल्या मोठ्यांपैकी. बॅप्टॉर्निस साधारण मीटरभर. एनॅलिऑर्निस फारच लहान.

पिसं होती का?

होती आणि त्याचा पुरावा आहे. कॅन्ससमधल्या पॅराहेस्परॉर्निसच्या एका सांगाड्याबरोबर पिसांचे आणि पायांवरच्या खवल्यांचे ठसे मिळाले. जीवाश्मशास्त्रज्ञ सॅम्युअल विलिस्टन यांनी 1896 मध्येच त्यांची नोंद केली होती. पिसं मऊ, तंतुमय होती आणि ती पायावरही बरीच खाली येत होती.

ते काय खायचे, आणि त्यांना कोण खायचं?

मासे. या गटातल्या एका लहान सांगाड्याजवळ विष्ठेचे जीवाश्म मिळाले, त्यात एन्कोडस नावाच्या सुळेदार माशाची हाडं होती. हा सांगाडा आधी बॅप्टॉर्निसचा समजला जायचा. 2015 मध्ये त्याला फ्युमिकॉलिस हे स्वतंत्र नाव मिळालं.

आता दुसरी बाजू. साउथ डकोटात टायलोसॉरस या प्रचंड मोसासॉरचा एक जीवाश्म सापडला. त्याच्या पोटात एक मासा, एक शार्क, एक लहान मोसासॉर आणि एक हेस्परॉर्निस होता. एकाच प्राण्याच्या शेवटच्या काही जेवणांची अशी यादी जीवाश्मांत क्वचितच मिळते.

पण मला सगळ्यांत जास्त भावतो तो साउथ डकोटातलाच आणखी एक पुरावा. हेस्परॉर्निसचं पायाचं हाड. घोट्याच्या सांध्याजवळ तीन दातांचे व्रण. व्रणांचं अंतर आणि आकार पाहून अभ्यासकांनी 2016 मध्ये निष्कर्ष काढला की हा चावा प्लेसिओसॉर या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याच्या एका लहान वयाच्या पिल्लाचा असावा. त्याने बाजूने पाय धरला, पक्ष्याने हिसडा देऊन सोडवून घेतला. आणि हाड काय सांगतं? व्रणांभोवती नवं हाड वाढलेलं आहे. जखम चिघळली, सांध्याला संसर्ग झाला, तरी पक्षी त्यानंतर जगला. ज्याचं सगळं आयुष्य पायांवर चाललं होतं तो पक्षी दुखऱ्या घोट्याने पोहत राहिला, मासे पकडत राहिला. आठ कोटी वर्षांपूर्वीच्या एका जीवाची चिवट झुंज तीन खड्ड्यांत आणि हाडाच्या खडबडीत काठात आजही हाताला लागते.

बर्फाळ प्रदेशात ते स्थलांतर करायचे का?

क्रिटेशियसमध्ये आर्क्टिक आजच्यासारखा गोठलेला नव्हता. पण सूर्याचं गणित तेव्हाही तेच होतं, हिवाळ्यात तिथे महिनोन्महिने अंधार असायचा. आर्क्टिकमधल्या आणि दक्षिणेकडच्या हेस्परॉर्निसच्या हाडांचे पातळ छेद घेऊन लॉरा विल्सन आणि कॅरेन चिन यांनी 2014 मध्ये त्यांची पेंग्विनच्या हाडांशी तुलना केली. दोन्ही ठिकाणच्या हेस्परॉर्निसच्या हाडांची घडण सारखीच निघाली. दरवर्षी वाढ थांबल्याच्या रेषा त्यांत नव्हत्या. म्हणजे पिल्लू झपाट्याने वाढून बहुधा वर्षाच्या आतच पूर्ण आकाराचं होत असे. आजच्या पक्ष्यांचीही हीच रीत. स्थलांतराचा निवाडा मात्र नुसत्या हाडांच्या छेदांवरून करता येत नाही, हेही या अभ्यासाने दाखवून दिलं.

गटातले सगळेच उडू शकत नव्हते का?

सगळे नाही. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या पास्क्वियाऑर्निसच्या पंखांची हाडं हेस्परॉर्निसइतकी खुजी झालेली नाहीत. तो कदाचित थोडंफार उडत असावा. ब्रोडाव्हिस गोड्या पाण्यात राहायचा, उत्तर अमेरिकेत आणि मंगोलियातही. त्याची हाडं तुलनेने हलकी असल्यामुळे त्याच्याबद्दलही तशीच शक्यता मांडली गेली आहे. उडणं एका झटक्यात गेलं नाही, या घराण्यात त्याच्या वेगवेगळ्या पायऱ्या दिसतात.

ते नामशेष का झाले?

6.6 कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोत चिक्शुलुब इथे लघुग्रह आदळला. धुळीने आणि काजळीने सूर्यप्रकाश अडला, समुद्रातलं शैवाल कोसळलं आणि त्याच्यावर उभी असलेली साखळी वरपर्यंत तुटत गेली. शैवाल खाणारे सूक्ष्म जीव, त्यांना खाणारे लहान मासे, त्यांना खाणारे मोठे मासे आणि शेवटी मासे खाणारे पक्षी. अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या त्या काळाच्या अगदी शेवटच्या थरांत हे पक्षी आहेत, त्यावरच्या थरांत एकही नाही. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या थरांतल्या पक्ष्यांची हाडं तपासली गेली. जुन्या वळणाची पक्ष्यांची अनेक कुळं त्याच आघातात एकदम संपली, असं त्यातून दिसलं.

'दात होते म्हणून मागासलेले, म्हणून संपले' हे स्पष्टीकरण अजूनही ऐकू येतं. मला ते पटत नाही. तीन कोटी वर्षं समुद्रावर राज्य करणाऱ्याला मागासलेला कसं म्हणायचं? मोठं शरीर, फक्त माशांवर भिस्त आणि उडून दुसरीकडे जाण्याची सोय नाही, या तीन गोष्टी एरवी त्यांच्या ताकदीच्या होत्या. त्या एका काळात तिन्ही उलटल्या.

भारतात, महाराष्ट्रात त्यांचे जीवाश्म मिळतील का?

आतापर्यंतचे निर्विवाद जीवाश्म सगळे उत्तर गोलार्धातले. हेस्परॉर्निस कॅन्ससच्या समुद्रात पोहत होता तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला, मादागास्करपासून सुटून उत्तरेकडे सरकणारं एक बेट होतं. त्या काळातले आपल्याकडचे समुद्री खडक तमिळनाडूत अरियलूरजवळ आहेत. महाराष्ट्रात विदर्भात लॅमेटा खडक आहेत, चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरांची हाडं मिळतात. पण ते खडक नद्या-तळ्यांच्या काठचे, समुद्रातले नव्हेत.

एक धागा मात्र नक्की जुळतो. सह्याद्रीच्या कड्यांत जे बेसॉल्टचे थर दिसतात त्यांचा बराचसा लाव्हा या पक्ष्यांच्या अखेरच्या काळाच्या आसपासच बाहेर पडला. राजगडावर किंवा हरिश्चंद्रगडावर आपण ज्या कातळावर उभे राहतो तो थंड होत होता, साधारण त्याच सुमारास हे घराणं शेवटच्या टप्प्यात होतं. त्या उद्रेकांनी हवामान किती बिघडवलं यावर अजून वाद चालू आहे.

आज असे न उडणारे, पायांनी पोहणारे पक्षी आहेत का?

मोजके आहेत आणि त्यांची स्थिती नाजूक आहे. गालापागोसमधल्या फर्नांडिना आणि इसाबेला बेटांच्या किनाऱ्यावर न उडणारा पाणकावळा राहतो. पोहून आल्यावर तो आपले तोकडे, विस्कटलेले पंख उन्हात पसरून बसतो, आपल्याकडचा पाणकावळा बसतो तसाच. 2017 मध्ये त्याच्या जनुकांचा अभ्यास झाला आणि पंखांच्या हाडांची वाढ खुंटवणारे बदल ओळखता आले. पेरू आणि बोलिव्हियातल्या टिटिकाका सरोवरात आणि पेरूतल्या हुनिन सरोवरात न उडणाऱ्या टिबुकल्या आहेत. हुनिनची टिबुकली आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे, कारण त्या एका सरोवराबाहेर ती कुठेच नाही आणि उडून दुसरीकडे जाऊ शकत नाही. ग्वातेमालातल्या आतित्लान सरोवरातली टिबुकली 1980 च्या दशकात संपली. हेस्परॉर्निसबद्दल वाचून ज्यांना हळहळ वाटते त्यांनी हुनिनच्या टिबुकलीची बातमी जरूर ठेवावी. तिच्यासाठी अजून काही करता येण्यासारखं आहे.

सांगाडे कुठे पाहायला मिळतील?

मार्श यांनी गोळा केलेले मूळ नमुने येल विद्यापीठाच्या पीबडी संग्रहालयाकडे, न्यू हेवनमध्ये आहेत. पॅराहेस्परॉर्निस कॅन्सस विद्यापीठाच्या संग्रहात, लॉरेन्स इथे. पोटात हेस्परॉर्निस असलेला टायलोसॉरस रॅपिड सिटीतल्या साउथ डकोटा स्कूल ऑफ माइन्सच्या संग्रहात. सगळेच नमुने दालनात मांडलेले नसतात, त्यामुळे जाण्याआधी संग्रहालयाला विचारून घ्यावं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी पश्चिम कॅन्ससमधून गाडीने जाताना हेज गावातलं स्टर्नबर्ग संग्रहालय आणि तिथून पुढे गोव्ह काउंटीतले मॉन्युमेंट रॉक्स हे खडूचे सुळके जमल्यास एकाच दिवसात पाहावेत. मुलांना सुळक्यांच्या पायथ्याशी शिंपल्यांचे तुकडे दिसतील. तिथून काहीही उचलायचं नाही, एवढं मात्र त्यांना आधीच सांगून ठेवा. जागा खाजगी मालकीची आहे आणि मालकांनी ती लोकांसाठी खुली ठेवली आहे.